द्रुतगति महामार्ग आणि आपला परभणी जिल्हा

देशाच्या उत्कर्षाचीं जीं कांहीं बाह्य चिन्हें मानलीं जातात, त्यांमध्यें रस्त्यांचें स्थान फार वरचें आहे. नदी जशी आपल्या तीरावरील भूमीस सुपीक करिते, तसा चांगला रस्ता आपल्या दोहों बाजूंच्या गांवांस व्यापार, विद्या व औषधोपचार आणून देतो. तथापि नदीस जसा पूर येतो, तसें रस्त्याचेंहि आहे. तो कांहीं देतो व कांहीं घेतो. गेल्या कांहीं वर्षांत "समृद्धि," "शक्तिपीठ," "द्रुतगति मार्ग" हे शब्द आपल्या जिल्ह्यांतील पारावर, बाजारांत व शाळेच्या पटांगणांतहि ऐकूं येऊं लागले आहेत. आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत, व त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं या रस्त्यांची चर्चा रोजच्या भाकरीइतकी जवळची झाली आहे. म्हणून हे मार्ग म्हणजे काय, ते कोठून कोठें जातात, त्यांवर पैसे कां द्यावे लागतात, आणि त्यांचा भार कोणावर पडतो, याचा विचार येथें थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

जुने मार्ग

आपला मुलूख आडबाजूचा आहे अशी एक समजूत आहे. पण प्राचीन काळीं तसें नव्हतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण व तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणाहून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर असें त्यांत सांगितलें असून, या पेठांतील माल गाड्यांवर लादून मोठ्या बिकट प्रदेशांतून भडोचेस नेला जाई, असेंहि म्हटलें आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत दगडाचा एक मोठा रांजण आजहि दिसतो. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यांत टाकीत असत, असें परंपरेनें सांगतात. तेव्हां वाट वापरणारानें वाटेचें मोल द्यावें, ही कल्पना कांहीं आजची नव्हे.

पुढें निजामाच्या अमदानींत, विसाव्या शतकाच्या आरंभास, मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे आपल्या जिल्ह्यांतून धावूं लागली. सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा हीं स्थानकें तिच्यामुळेंच नांवारूपास आलीं. ही लोहमार्गाची वाट अरुंद रुळांची होती. ती १९९० नंतरच्या दशकांत रुंद रुळांची झाली. रस्त्यांमध्यें कल्याण–निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग मुख्य होय. पूर्वीं त्याचा क्रमांक २२२ होता, तो आतां ६१ आहे. हा मार्ग माळशेज घाट चढून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगांव, पाथरी, मानवत यांवरून परभणीस येतो, आणि येथून वसमत, नांदेड व भोकर यांवरून तेलंगणांत निर्मल येथें जातो. बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर, एस्‌. टी. या सर्वांस त्यावरून जातां येतें, आणि कोणत्याहि गांवास त्यावर चढतां-उतरतां येतें. हें ध्यानांत ठेवावें, कारण द्रुतगति मार्गाचा मुख्य भेद येथेंच आहे.

द्रुतगति मार्ग म्हणजे काय?

पुष्कळांस वाटतें कीं, रुंद व गुळगुळीत रस्ता म्हणजे द्रुतगति मार्ग. पण केवळ रुंदीनें हें नांव मिळत नाहीं. त्याचीं मुख्य लक्षणें तीन आहेत. पहिलें, त्यावर चढण्या-उतरण्याचीं ठिकाणें मोजकीं व ठरलेलीं असतात. मधें कोठेंहि वाट फुटत नाहीं, आणि दोहों बाजूंस कुंपण असतें. दुसरें, जाणारीं व येणारीं वाहनें यांच्यामध्यें दुभाजक असतो, आणि दुसरा कोणताहि रस्ता किंवा लोहमार्ग त्यास समपातळीवर छेदीत नाहीं. एक तर तो पुलावरून जातो, नाहीं तर खालून. तिसरें, मंद वाहनांस व पादचाऱ्यांस त्यावर मज्जाव असतो. या तीन गोष्टी साधल्या म्हणजे वाहनास थांबण्याचें कारण उरत नाहीं, आणि वेग आपोआप वाढतो.

असा पहिला सशुल्क मोटाररस्ता इटलींत झाला. १९२४ सालीं मिलान शहरापासून उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशाकडे तो खुला करण्यांत आला. जर्मनींत कोलोन ते बॉन हा मार्ग १९३२ सालीं, आणि अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियाचा पथकरमार्ग १९४० सालीं सुरू झाला. आपल्या देशांत ही कल्पना बऱ्याच उशीरानें आली. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना १९९६ सालीं झाली, आणि त्यानें बांधलेला सुमारें ९४ किलोमीटरांचा मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्णपणें खुला झाला. सहा पदरांचा असा हा भारतांतील पहिला मार्ग होय.

येथें आणखी एक भेद सांगणें अवश्य आहे. कांहीं मार्ग केंद्र सरकारचे असतात. उदाहरणार्थ, गुजराथेंतील अहमदाबाद–वडोदरा हा राष्ट्रीय द्रुतगति मार्ग क्रमांक १. मुंबई–नागपूर समृद्धि महामार्ग मात्र महाराष्ट्र राज्याचा आहे, राष्ट्रीय नव्हे. वर्तमानपत्र वाचतांना हा भेद लक्षांत न घेतल्यास कोणत्या कचेरीकडे दाद मागावी हेंच उमगत नाहीं.

समृद्धि महामार्गाची वाट

२०१५ सालीं या मार्गाची घोषणा झाली. त्याचें पूर्ण नांव 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धि महामार्ग' असें आहे. त्याची लांबी ७०१ किलोमीटर असून तो दहा जिल्हे, सव्वीस तालुके व ३९२ गांवें यांतून जातो. नागपूरजवळ शिवमडका येथें त्याचा आरंभ होतो. तेथून वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, छत्रपति संभाजीनगर, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांतून तो ठाणें जिल्ह्यांत भिवंडी तालुक्यांतील आमणें या गांवीं संपतो. विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घेऊन कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, वैजापूर, सिन्नर व इगतपुरी हीं ठिकाणें पेन्सिलीनें जोडून पाहावींत, म्हणजे ही वाट डोळ्यांपुढें उभी राहील.

मार्ग एकदम खुला झाला नाहीं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं, शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरांचा भाग मे २०२३ मध्यें, भरवीर ते इगतपुरी हा २५ किलोमीटरांचा भाग मार्च २०२४ मध्यें, आणि इगतपुरी ते आमणें हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा भाग ५ जून २०२५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. या चार अंकांची बेरीज केल्यास बरोबर ७०१ येते. शेवटचा भाग लांबीनें थोडा, पण कष्टानें सर्वांत मोठा होता. कारण तेथें सह्याद्रि आडवा येतो. इगतपुरी व कसारा यांमध्यें जवळजवळ आठ किलोमीटरांचा जोडबोगदा खोदावा लागला. पूर्वीं नागपुराहून मुंबईस मोटारीनें जाण्यास सुमारें सोळा तास लागत. ते आतां आठांवर आले आहेत.

काळ्या मातीवर रस्ता

मराठवाड्यांतील रस्ता बांधणें हें कोंकणांतील किंवा देशावरील मुरमाड भूमीवर रस्ता बांधण्यासारखें नव्हे. आपली काळी जमीन कपाशीस माता असली, तरी रस्त्यास ती वैरीण आहे. तिच्यांत चिकणमातीचे जे सूक्ष्म कण असतात, ते पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यांत वाळून आकसतात. चैत्र-वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणानें. अशा मातीवर नुसती खडी व डांबर घातल्यास दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा वर-खालीं होतो. म्हणून वरची काळी माती कांहीं खोलीपर्यंत काढून टाकतात किंवा तींत चुना मिसळून तिची फुगण्याची खोड मोडतात. मग मुरमाचा भराव थरथरानें दाबून घालतात, त्यावर खडीचे थर व शेवटीं काँक्रीटची जाड लादी घालतात. पाणी बाहेर काढण्यासाठीं बाजूस गटारें व खालून मोऱ्या ठेवतात. ही शेवटची गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. भराव उंच आणि मोरी लहान किंवा चुकीच्या जागीं असेल, तर रस्ता कोरडा राहतो, पण वरच्या बाजूचें शेत तळें होतें.

पथकराचा हिशेब

एवढा खर्च कोठून करावयाचा? समृद्धि महामार्गास पंचावन्न हजार कोटि रुपयांच्या आसपास खर्च आला. सरकार हा पैसा बहुतांशीं कर्जाऊ घेतें, आणि तें कर्ज व्याजासह फेडण्यासाठीं वाहनांकडून पथकर घेतें. जो रस्ता वापरील त्यानें द्यावें, जो वापरीत नाहीं त्यास तोशीस नसावी, हें त्यामागील तत्त्व होय. जुन्या पद्धतींत नाका ओलांडतांना सर्वांस सारखा कर द्यावा लागे, मग कोणी दहा किलोमीटर जावो कीं शंभर. समृद्धीवर मात्र चढल्या ठिकाणापासून उतरल्या ठिकाणापर्यंत जितकें अंतर, तितकाच कर आहे. २०२२ च्या डिसेंबरांत मार्ग खुला झाला, तेव्हां मोटारीस प्रत्येक किलोमीटरास १ रुपया ७३ पैसे असा दर होता. आतां नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर; गुणाकार केल्यास ८९९ रुपये ६० पैसे येतात, आणि त्या वेळीं मोटारवाल्यास ९०० रुपये पडत, तें याच हिशेबानें. दर पुढें वाढले, पण रीत हीच आहे. पैसे देण्यासाठीं कांचेवर लावलेली 'फास्टॅग' नांवाची चिठ्ठी यंत्र दुरूनच वाचतें, आणि रक्कम खात्यांतून वळती होते.

हा कर केवळ श्रीमंत मोटारवालाच देतो असें समजूं नये. मालमोटारीचा कर शेवटीं मालाच्या किंमतींत मिसळतो. परभणीचा कापूस, सोयाबीन किंवा तूर त्या वाटेनें मुंबईस गेली, तर पथकराचा कांहीं अंश शेतकऱ्याच्या पदरीं पडणाऱ्या भावांतून वजा होणार. त्याच्या उलट, माल वेळेवर व न नासतां पोंचला, तर भाव कांहींसा चढेलहि. लाभ कोणाचा व किती, हें या दोहोंच्या वजाबाकीनें ठरेल, घोषणेनें नव्हे.

आपल्या जिल्ह्यांतून जाणारे मार्ग

समृद्धि महामार्ग स्वतः परभणी जिल्ह्यास शिवत नाहीं. तो आपल्या वायव्येस जालना जिल्ह्यांतून निघून जातो. म्हणून मराठवाड्याचा पूर्वभाग त्यास जोडण्यासाठीं जालना ते नांदेड असा सुमारें १८० किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग २०२१ सालीं योजण्यांत आला. तो जालना, परभणी व नांदेड या जिल्ह्यांतून जाणारा आहे. तो झाल्यावर नांदेड-परभणीकडील वाहन जालन्याजवळ समृद्धीस मिळून थेट मुंबईस किंवा नागपुरास जाऊं शकेल.

दुसरा बेत त्याहून मोठा. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग या नांवानें तो ओळखला जातो. २०२४ सालच्या आखणीप्रमाणें वर्धा जिल्ह्यांतील पवनार येथून निघून महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमेवरील पत्रादेवी येथें पोंचणारा हा सुमारें ८०२ किलोमीटरांचा मार्ग बारा जिल्ह्यांतून जावयाचा होता. त्यांत हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर व धाराशिव हे मराठवाड्यांतील सहा जिल्हे येतात. माहूर, तुळजापूर व कोल्हापूर हीं तीन शक्तिपीठें आणि इतर तीर्थें जोडणें हा त्याचा सांगितलेला उद्देश होय. कोल्हापूर जिल्ह्यांत त्यास मोठा विरोध झाला, आणि आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनींहि हरकती घेतल्या. जून २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें भूसंपादन व आखणी यांसाठीं वीस हजार कोटि रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली.

जमिनीचा प्रश्न

येथें आपण विषयाच्या गाभ्याशीं येतों. सपाट प्रदेशांत समृद्धि महामार्गाची रुंदी १२० मीटर धरली आहे. एक किलोमीटर लांबी व १२० मीटर रुंदी यांचा गुणाकार १,२०,००० चौरस मीटर, म्हणजे १२ हेक्टर अथवा सुमारें तीस एकर होतो. ज्या गांवाच्या शिवारांतून असा रस्ता तीन किलोमीटर जाईल, त्या गांवाची नव्वद एकर जमीन त्याच्या पोटांत जाते. पांच एकरांचा धनी असे अठरा संसार त्या जमिनीवर जगत होते, असा हिशेब मांडला म्हणजे नकाशावरील त्या एका रेघेचें वजन कळतें.

समृद्धीच्या वेळीं आरंभीं जमीन एकत्र करून तिच्या बदल्यांत नव्या वसाहतींत विकसित भूखंड देण्याची योजना पुढें आली होती. पुष्कळ शेतकऱ्यांस ती रुचली नाहीं. पुढें २०१७ पासून संमतीनें थेट खरेदीचा मार्ग धरला गेला, आणि ठरविलेल्या मूल्याच्या पांचपटीपर्यंत मोबदला देण्यांत आला. विरोध निवळण्यास हा दर मोठें कारण झाला. जालना–नांदेड मार्गाच्या वेळीं समृद्धीप्रमाणेंच दर मिळावा अशी मागणी शेतकऱ्यांनीं केली, ती याच अनुभवावरून. एकाच जिल्ह्याच्या सरहद्दीवर एकास पांच व दुसऱ्यास कमी असें झाल्यास, तें अन्यायाचें वाटणें स्वाभाविक आहे.

मोबदला मिळाला म्हणजे प्रश्न संपला असेंहि नाहीं. शेताचे दोन तुकडे झाले, तर पलीकडच्या तुकड्यावर बैल नेण्यास कोठून वाट, विहिरीची नळी रस्त्याखालून जाणार कशी, ओढ्याचें पाणी कोणीकडे वळणार, हे प्रश्न रुपयांनीं सुटत नाहींत. शिवाय सातबारा ज्याच्या नांवें असेल त्यास पैसे मिळतात. त्याच शेतांत वर्षानुवर्षें निंदणी-कापणी करणाऱ्या मजुराचें नांव सातबाऱ्यावर नसतें, म्हणून त्याचा रोजगार बुडाला तरी तो कोणत्याहि यादींत येत नाहीं. आणि ज्यांस एकदम मोठी रक्कम हातीं येते, त्यांच्या घरींहि भाऊबंदकी, मोटारसायकली व लग्नाचा थाट यांमध्यें ती वितळून जाण्यास वेळ लागत नाहीं. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुरते. रक्कम शहाणपणानें गुंतविली तरच पुरते.

दुसरी बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. अपघातांत जखमी झालेल्या किंवा कठीण बाळंतपणाच्या रोग्यास मोठ्या रुग्णालयांत वेळेवर पोंचविणें, नाशवंत फळें व भाजीपाला दूरच्या बाजारांत पाठविणें, या भागांत कारखाने येणें, या गोष्टी चांगल्या रस्त्यावांचून होत नाहींत. परभणीस कृषि विद्यापीठ आहे, पण शेतमालावर प्रक्रिया करणारे उद्योग थोडे, आणि म्हणून शिकलेला तरुण पुण्याची गाडी धरतो, ही स्थिति कोणास नाकारतां येईल? प्रश्न रस्ता हवा कीं नको एवढाच नसून, तो कोठून, केवढा, कोणाच्या संमतीनें, आणि आपल्यासाठीं त्यावर चढण्याची वाट कोठें, हा आहे. कारण द्रुतगति मार्गावर जवळपास चढण-उतार नसेल, तर ज्या गांवानें जमीन दिली त्याच्या वांट्यास केवळ एक लांब भिंत येते, आणि मोटारी मात्र दुसऱ्यांच्या जातात.

वेगाचें शास्त्र

या मार्गावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. म्हणजे एका सेकंदास ३३ मीटरांहून अधिक अंतर. पुढें कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें दीड सेकंद जातो. तेवढ्यांत गाडी ५० मीटर पुढें गेलेली असते. वेग दुप्पट झाला कीं गतिजन्य शक्ति चौपट होते, हा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यामुळें ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें ४५ मीटरांत थांबत असेल, तर १२० च्या वेगाची गाडी थांबण्यास सुमारें १३० मीटर लागतात. शिवाय तासन्‌तास सरळ, एकसुरी रस्ता पाहून चालकाच्या डोळ्यांवर गुंगी येते, आणि तापलेल्या काँक्रीटवर जुनीं, झिजलेलीं चाकें फुटतात. १ जुलै २०२३ च्या पहांटे बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ एका प्रवासी बसला अपघात होऊन ती पेटली, व पंचवीस जीव गेले. रस्ता बांधणाऱ्यांचाहि विसर पडूं नये. त्याच वर्षीं १ ऑगस्ट रोजीं शहापूर तालुक्यांत पुलाच्या कामावरील अवजड यंत्र कोसळून वीस माणसें दगावलीं. आपण ज्या आठ तासांचा अभिमान बाळगतों, त्यांत या श्रमिकांचें रक्त मिसळलेलें आहे.

विद्यार्थ्यांनीं काय करावें?

विद्यार्थिमित्रहो, या विषयांत तुमचें काम केवळ ऐकण्याचें नाहीं. रस्त्यासाठीं जमीन घेतांना महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ प्रमाणें अधिसूचना निघते. तींत गट क्रमांक व क्षेत्र दिलेलें असतें, आणि ठराविक मुदतींत लेखी हरकत घेतां येते. त्यानंतर सुनावणी व मोजणी होते. घरांतील वडील माणसांस हीं कागदपत्रें वाचणें जड जात असेल, तर तीं त्यांस वाचून दाखवा. मोजणीच्या वेळीं शेतावर हजर राहा. विहीर, झाडें, नळी, बांध व गोठा यांची नोंद झाली कीं नाहीं तें पाहा. पाणी कोणत्या बाजूनें वाहतें तें कागदावर काढून द्या. वाचलें नाहीं त्यावर अंगठा किंवा सही होऊं देऊं नका. रक्कम आल्यास ती कोणाच्या हातीं व कोणत्या खात्यांत आहे, आणि आई व बहिणी यांचा तींत हिस्सा आहे कीं नाहीं, हेंहि निःसंकोच विचारा.

भूगोलांतील नकाशा, गणितांतील गुणाकार, विज्ञानांतील गतीचा नियम व मराठींतील अर्ज-लेखन या चारहि विषयांचा उपयोग अशा एका प्रसंगीं एकदम होतो. शिक्षण परीक्षेपुरतें नाहीं याचा दाखला याहून जवळचा सांपडणार नाहीं. रस्ता गांवावरून जाणारच असेल, तर तो गांवाच्या संमतीनें, पुरत्या मोलानें व गांवाला वाट ठेवून जावा. एवढी मागणी करण्यास जें धैर्य व जी माहिती लागते, ती आपल्या शाळेतून तुम्ही घेऊन जावी, अशी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतों.